ताटाचा हिशेब कोण सांगणार?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत आज कुणी वजन कमी करायचं मनावर घेतलं, की त्याला मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका, रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. आमच्या मुदखेडच्या दवाखान्यातल्या बाकावर, रेल्वेच्या फलाटावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे लोकांच्या तोंडी हेच आहे. ज्याचं वजन उतरतं तो दोन जेवणांचे गुण गात फिरतो. ज्याचं उतरत नाही तो गप्प बसतो, कारण आपल्याच निष्ठेत काही खोट राहिली असं त्याला वाटतं. त्या गप्प बसणाऱ्या माणसाची बाजू मला मांडायची आहे. त्याच्या निष्ठेत काही खोट नव्हती. किती वेळा खायचं ते त्याला सांगितलं गेलं, ताटात काय आणि किती असावं याचा हिशेब मात्र कुणी त्याच्यापुढं मांडला नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला सगळ्यात आधी गरज असते ती याच हिशेबाची.

हा सल्ला घरोघर पोचवला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला विचार त्यांनी आधी स्वतःवर करून पाहिला, स्वतःचं वजन उतरवलं आणि मग ‘विनासायास वेटलॉस व मधुमेह प्रतिबंध’ या नावानं मोहीम उभी केली. २०१८ मध्ये राज्य सरकारनं त्यांना स्थूलताविरोधी मोहिमेचे सदिच्छादूतही केलं. त्यांनी फी घेतली नाही, पावडरचे डबे विकले नाहीत. वजनाच्या नावावर हजारो रुपये उकळणाऱ्या बाजारात एक डॉक्टर गावोगाव जाऊन फुकट व्याख्यानं देतो, लोकांना चालायला लावतो, साखरेची तपासणी करून घ्यायला सांगतो, याचं मोल मोठं आहे आणि ते कुणी नाकारू नये. वाद आहे तो त्यांच्या सिद्धान्ताशी, आणि त्याहून जास्त, तो सिद्धान्त गावात ज्या रूपात पोचला आहे त्या रूपाशी.

सिद्धान्त थोडक्यात असा: काहीही खाल्लं की शरीरात इन्सुलिन स्रवतं. रक्तात इन्सुलिन चढलेलं असताना शरीर चरबी साठवतं, साठलेली वापरत नाही. तेव्हा खाण्याच्या वेळा कमी करा, म्हणजे इन्सुलिन कमी वेळा स्रवेल आणि अंगावरची चरबी खर्ची पडेल. गोड कमी करा, प्रथिनं वाढवा, असंही दीक्षित सांगतात. पण व्याख्यानाच्या सभागृहातून मोबाइलवर आणि मोबाइलवरून पारावर येईपर्यंत ही पुरवणी गळून पडते. उरतं ते एवढंच की त्या ५५ मिनिटांत आवडीचं पोटभर खा, काही बिघडत नाही.

बिघडतं. इन्सुलिन चढलेलं असताना चरबीचा वापर मंदावतो, इथपर्यंत सिद्धान्त बरोबर आहे. पण शरीराचा जमाखर्च तासाभरानं बंद होत नसतो. जेवणानंतर जे साठतं तेच पुढच्या उपाशी तासांत आणि रात्रीच्या झोपेत खर्च होतं. दिवसाअखेर शिल्लक राहिली तर वजन वाढतं, तूट आली तर घटतं. दोनदा स्रवलेलं इन्सुलिन चारदा स्रवलेल्यापेक्षा एकूण कमीच असतं, असंही नाही. चार वेळांचं अन्न दोन ताटांत मावलं तर प्रत्येक ताटामागं स्रवणारं इन्सुलिनही तेवढं जास्त असतं. शिवाय तेला-तुपातली चरबी साठवायला शरीराला इन्सुलिनची मोठी लाट लागत नाही.

हे तर्कावर सोडायची गरज नाही. चीनमधल्या ग्वांगझू इथं १३९ स्थूल माणसांवर वर्षभर प्रयोग झाला आणि २०२२ मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. दोन्ही गटांना कमी कॅलरीचा सारखाच आहार दिला. एका गटानं तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच घ्यायचा होता, दुसऱ्याला वेळेचं बंधन नव्हतं. वर्षअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी ८ किलोनं उतरलं, दुसऱ्याचं ६.३ किलोनं, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. दोघांचं वजन उतरलं ते कमी खाल्ल्यामुळं. घड्याळानं त्यात ठाम म्हणता येईल अशी भर घातली नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१८ चा प्रयोग तर थेट इन्सुलिनच्या मुद्द्यालाच हात घालतो. ६०९ माणसांपैकी निम्म्यांना कमी स्निग्धाचा आणि निम्म्यांना कमी पिष्टमय पदार्थांचा आहार दिला. कुणाच्या शरीरात इन्सुलिन किती स्रवतं हे आधीच मोजून ठेवलं होतं. ज्याचं इन्सुलिन जास्त त्याला कमी पिष्टाचा आहार जास्त मानवेल, अशी अटकळ होती. ती खोटी ठरली. वर्षभरात एका गटाचं वजन ५.३ किलोनं उतरलं, दुसऱ्याचं ६ किलोनं, आणि सुरुवातीच्या इन्सुलिनवरून कुणाचं किती उतरेल हे सांगता आलं नाही.

तिसरं उदाहरण मधुमेहाचं आहे, आणि ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा प्रयोग झाला, २०१७ मध्ये लॅन्सेटनं तो छापला. टाइप दोनच्या मधुमेही रुग्णांना काही महिने दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींचा पातळ आहार दिला गेला. तो ते दिवसातून अनेक वेळा विभागून घेत होते. म्हणजे दर खेपेला इन्सुलिन स्रवत होतं. तरीही वर्षभरानंतर त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांना औषधांविना मधुमेहमुक्त म्हणता आलं. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. वारंवार खाणं हाच मधुमेहाचा मूळ दोष असता, तर हे घडलंच नसतं.

यावर मला विचारलं जातं, मग आमच्या गल्लीतल्या अमक्याचं दहा किलो वजन उतरलं ते कसं? उतरलंच आहे, आणि का उतरलं तेही स्पष्ट आहे. दोन जेवणं धरली की सकाळचा चहा-टोस्ट सुटतो, अकराची भजी सुटतात, चारचा चहा-फरसाण सुटतो, रात्री उशिरा टीव्हीपुढं बसून खाल्लेले शेंगदाणे सुटतात. न मोजताच दिवसाचं खाणं कमी होतं. दोन जेवणांचा नियम हे एक चांगलं कुंपण आहे, ढोरं आत शिरत नाहीत. पण शेतात काय पेरलंय हे कुंपण ठरवत नाही. काही महिन्यांनी भूक आपली वाट काढते. त्या दोन ताटांतली भाकरी वाढते, तर्री वाढते, जेवणावर गोड येतं, आणि काटा आधी थांबतो, मग मागं फिरतो. माणूस नियम तंतोतंत पाळतो आहे, तरी वजन वाढतं आहे. त्याला हे कोडं कुणी उलगडून सांगत नाही.

तेव्हा मुदखेडचं ताटच पाहू. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा तेलाचा कॅन संपणं ही आपल्याकडं नवलाची गोष्ट नाही. पाच लिटर तेल म्हणजे सुमारे साडेचार किलो. चौघांत आणि तीस दिवसांत वाटलं तर माणशी रोजचे ३८ ग्रॅम होतात. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलातून साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. यात बाहेर खाल्लेली भजी, वडे, फरसाण धरलेलं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात २,००० कॅलरींच्या दिवसासाठी तेल २७ ग्रॅम सांगितलं आहे. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा त्याऐवजी अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम. आता आपलं ताट आठवा. धान्य याच्या दीडपट, डाळ पळीभर पातळ वरणात, भाजी वाटीच्या तळाशी आणि वर तेलाचा थर. उलटं ताट आहे हे. ते दिवसातून दोनदा वाढलं काय नि तीनदा वाढलं काय, उलटंच राहणार.

चहाचा हिशेब तेलाहून सोपा. कपाला दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप धरले तर ४० ग्रॅम साखर होते, १६० कॅलरी. पोषण संस्थेची मर्यादा दिवसाला २० ते २५ ग्रॅमची आहे. ही साखर पोट भरत नाही, भूकही भागवत नाही. दुपारी गल्ल्यावर बसून मूठभर फरसाण तोंडात टाकलं की आणखी दीडशे कॅलरी. याउलट सत्तर किलोच्या माणसानं साडेचार किलोमीटर चालून खर्च केलेल्या कॅलरी साधारण सव्वादोनशेच्या घरात जातात. चालून आल्यावर हॉटेलात गोड चहा आणि भज्यांची प्लेट घेतली की सकाळची कमाई तिथंच संपली. हे कुणाला हिणवायला लिहीत नाही. चालणाऱ्याच्या घामाचं चीज व्हावं म्हणून लिहितो आहे.

उपवासाचंही तसंच. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, श्रावण, नवरात्र. या दिवसांत ताटात साबुदाण्याची खिचडी असते, म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, त्यावर तेल-तूप आणि दाण्याचं कूट. देवाच्या नावानं केलेल्या या दिवसाचं वजनाच्या हिशेबात नाव घ्यायला लोक कचरतात, पण शरीराला तिथी कळत नाही. उपवास करायचाच असेल तर भगर, सोबत दाण्याची पातळ आमटी, ताक आणि फळं हे साबुदाण्यापेक्षा कितीतरी बरं.

आणि सगळ्यात जास्त अन्याय होतो तो भाकरीवर. वजन कमी करायचं म्हटलं की पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत दोनशे कॅलरी असतात, सहा ग्रॅम प्रथिनं असतात, भरपूर चोथा असतो, आणि ती तेलाशिवाय होते. दोन भाकरींच्या जागी दीड भाकरी घ्यावी, हे मान्य. पण भाकरी सोडून ओट्सच्या पाकिटाला पैसे मोजावेत, हे मला पटत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी मोती, परभणी ज्योती असे रब्बी ज्वारीचे वाण दिलेल्या या भागात ज्वारी बाजूला पडत गेली. शेत सोयाबीननं घेतलं, आणि रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळच येत राहिला. गरीब घराचं ताट रेशनच्या दुकानात ठरतं, हे विसरून त्या घराला आहारावर भाषण देणं हा अप्रामाणिकपणा आहे.

मग पोट कशानं भरायचं? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच शिवारात आहे. लातूर तुरीच्या डाळीची मोठी बाजारपेठ. चवथाई प्रथिनांच्या जवळ जाणारी ही डाळ आपण पाणी घालून घालून पातळ करतो. वरण घट्ट करा, वाटी मोठी करा, भात त्याच प्रमाणात कमी करा. मटकी, हरभरा, हुलगे, मूग हे आपल्या घरात नवे नाहीत. आपण पिकवलेल्या सोयाबीनचं तेल पिशवीतून परत येतं आणि कढईत जातं, पण निम्म्या वजनाइतकी प्रथिनं असलेल्या सोयावड्या मात्र ताटात क्वचितच येतात. खाणाऱ्यांनी अंडी खावीत. एका अंड्यात सत्तर कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं. अंबाडी, मेथी, शेपू, चाकवत, दोडका, कारलं यांचं प्रमाण दुप्पट करा आणि त्यांच्यावरचं तेल निम्मं करा. एवढं केलं की भूक आटोक्यात येते. मग दोनदा जेवायचं की तीनदा, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न उरतो.

दीक्षितांना उत्तर म्हणून जो दुसरा पंथ उभा केला जातो, त्यालाही मी सोडणार नाही. ऋजुता दिवेकर यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकापासून दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याचा आग्रह धरला. आपल्या मातीतलं अन्न खा, तुपाला घाबरू नका, परदेशी फॅडांच्या मागं लागू नका, हे त्यांचं सांगणं अनेकांना अपराधीपणातून सोडवणारं होतं आणि त्यातला स्थानिक अन्नाचा भाग मला मनापासून पटतो. पण वारंवार खाल्ल्यानं शरीराची भट्टी जास्त पेटते, हा समज मोजमापात टिकलेला नाही. तेवढंच अन्न तीनदा खाल्लं किंवा सहादा, दिवसाचा खर्च तोच राहतो. आणि मुदखेडच्या बाजारपेठेत दर दोन तासांनी हाताशी काय येतं? बिस्कीट, खारी, फरसाण, चहा. मुंबईतल्या डब्यात नीट भरून दिलेला सुकामेवा इथल्या कापडदुकानातल्या नोकराच्या हाती नसतो. दोन्ही पंथांनी मिळून किती वेळा खावं यावरच महाराष्ट्राला वर्षानुवर्षं भांडत ठेवलं. या भांडणात डाळीची वाटी आणि तेलाची पळी बाजूलाच राहिली.

तिसरा एक युक्तिवाद गावातूनच येतो. व्यायाम हे शहरातल्या खुर्चीवाल्यांचं काम, आम्ही राबणारी माणसं. याला एका दमात खोटं म्हणता येणार नाही. मुदखेड परिसर फुलांचा. गुलाब, मोगरा, गलांडा उजाडायच्या आत वाकून वाकून तोडणाऱ्या बाईला साडेचार किलोमीटर चालायला सांगणं हे तिच्या कष्टांना न ओळखणं आहे. पण सगळं मुदखेड फुलं तोडत नाही. आज शेतावर मोटारसायकल जाते, नांगरट ट्रॅक्टर करतो, सोयाबीन मळणीयंत्रातून निघतं, फवारणीचा पंप बॅटरीवर चालतो. दुकानदार, शिक्षक, रेल्वेचा कर्मचारी, तहसीलमधला लिपिक दिवसभर बसून असतो. काम सुगीपुरतं उरलं, भूक मात्र वडिलांच्या बारमाही कष्टाची राहिली. ती पिढी न्याहारी करायची, दुपारी बांधावर भाकरी खायची, रात्री पुन्हा जेवायची, आणि तरी अंगानं काटक होती. आपले वाडवडील दोनदाच खायचे म्हणून सडपातळ होते, असं सांगणाऱ्यांनी बांधावरची ती दुपारची भाकरी आठवावी.

आपल्या गावाशेजारीच केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे. प्रशिक्षणार्थी जवान काही दोन जेवणांवर राहत नाहीत, आणि राहूही शकणार नाहीत. धावणं, कवायत, दंड-बैठका, ओझं उचलणं यांनी त्यांचं अन्न खर्ची पडतं. त्यातलं ओझं उचलणं आणि दंड-बैठका आपल्या सुरुवात करणाऱ्याला कुणी सांगत नाही. त्याला फक्त चालायला सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाच्या हालचालींबरोबरच आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम स्पष्ट शब्दांत आहे. तो का, याचं उत्तर अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सापडतं. रोज आठ तासांच्या आतच खाणाऱ्या गटातल्या काही जणांच्या शरीराची बारकाईनं मोजणी केली, तेव्हा उतरलेल्या १.७ किलोपैकी १.१ किलो चरबी नव्हतीच, ते स्नायूंसह चरबीखेरीजचं वजन होतं. काटा खाली आला की आपण खूश होतो, पण काट्याला चरबी आणि मांस यातला फरक कळत नाही. प्रथिनं कमी, ताण देणारा व्यायाम नाही, आणि उपाशी राहण्याचे तास जास्त, अशा रीतीनं वजन उतरवणारा माणूस स्वतःचा गुडघा सांभाळणारे स्नायू गमावून बसतो. भिंतीला टेकून काढलेले जोर, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या कळशा उचलणं, जमतील तेवढे सूर्यनमस्कार. सुरुवातीला एवढं पुरतं. यासाठी जिम लागत नाही.

आपल्याला तर स्नायूंची चिंता इतरांपेक्षा जास्त हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आपला आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी यडकिन यांचा फोटो छापला. दोघांची उंची-वजनाची पट्टी अगदी सारखी, बीएमआय २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसतो तेव्हाही त्याच्या पोटात चरबी साठलेली असू शकते, आणि मधुमेह तिथूनच येतो. म्हणून आपल्याकडं २३ च्या वर बीएमआय गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर स्थूलता धरतात. काट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं सांगते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत हवी. पोट सुटलेला पण वजनानं ‘ठीक’ असलेला माणूस वजन कमी करायच्या व्याख्यानाला येतच नाही. खरं तर त्यानं आधी यायला हवं.

आता बायकांचं. या सगळ्या चर्चेत मला सर्वांत जास्त राग येतो तो इथं. ‘तुमची खरी भूक ओळखा आणि तेव्हाच जेवा’ हे ज्या घरात बाई सगळ्यांच्या मागून जेवते, उरलेल्या भाकरीवर भागवते, उरलेलं वाया जाऊ नये म्हणून पोटात ढकलते, त्या घरात कसं पाळायचं? तिची जेवणाची वेळ तिच्या हातात नाही. तिचं ताटही तिच्या हातात नाही, कारण घट्ट वरण आणि अंडं आधी कर्त्याला आणि मुलांना जातं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा बाईला नुसतं ‘कमी खा, दोनदा खा’ सांगितलं तर तिचं वजन उतरेलही, पण अंगातलं उरलंसुरलं बळही जाईल. तिला कमी खायला सांगायच्या आधी चांगलं खायला मिळालं पाहिजे. चालण्याचंही तसंच. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थनं छापलेल्या आकड्यांनुसार भारतात ५७ टक्के स्त्रियांची शारीरिक हालचाल पुरेशी नाही, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेनं एकट्या बाईनं चालायचं कुठं? सुनेनं सकाळी पाऊण तास घराबाहेर काढला तर स्वयंपाक कोण बघणार? हे प्रश्न आळसाचे नाहीत. नगरपालिकेनं दिवे असलेला चालण्याजोगा रस्ता दिला आणि घरच्या पुरुषानं सकाळचा चहा स्वतः केला, तर अर्ध्या बायका उद्यापासून चालतील.

धोक्याची गोष्टही बोलली पाहिजे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिनची इंजेक्शनं चालू असताना कुणी अचानक दोन जेवणांवर आलं, तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडू शकतो, बेशुद्ध होऊ शकतो. इन्सुलिनवर अवलंबून असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा आहार करू नये, असं दीक्षितही सांगतात. पण मोबाइलवर फिरणाऱ्या दोन ओळींत ही सूचना नसते. ऐकून सुरुवात करणाऱ्या माणसाला ती मिळत नाही आणि गोळी मात्र रोजच्या वेळेला घेतली जाते.

राहता राहिला ‘विनासायास’चा दावा. सुरुवात करणाऱ्याला सर्वांत जास्त दुखावतं ते हे आश्वासन. आयुष्यभराची चव बदलणं, तर्रीवरचा हात आखडणं, चहातली साखर आधी दीड आणि मग एक चमच्यावर आणणं, लग्नात दुसऱ्यांदा वाढलेली बुंदी नाकारणं, थकून आल्यावर पुन्हा चालायला निघणं, यात सायास आहेत. ते असतात असं आधीच सांगितलं तर माणूस तयारीनं उतरतो. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज चारशे-पाचशेची तूट आली तर सुरुवातीला आठवड्याला जेमतेम अर्धा किलो उतरतं, पुढं त्याहून हळू. पण एवढंही पुष्कळ असतं. अमेरिकेच्या मधुमेह प्रतिबंध प्रयोगात, ज्याचा अहवाल २००२ मध्ये आला, वजन सात टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य होतं. त्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी खाली आलं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या भारतीय प्रयोगात वजन फारसं न उतरताही, केवळ आहार आणि हालचाल सुधारून, ते २८.५ टक्क्यांनी घटलं. ऐंशी किलोच्या माणसानं पंचाहत्तरवर यावं आणि तिथं टिकावं, हे मोठं यश आहे. महिन्यात दहा किलो उतरवल्याच्या गोष्टी ऐकवून आपण हे यश त्याच्याकडून हिरावून घेतो.

वजन कमी करण्याची व्याख्यानं नांदेडला होतील, लातूरला होतील, कधी मुदखेडलाही होतील. ती भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. व्यासपीठावर इन्सुलिनच्या आकृतीशेजारी एक भरलेलं ताट ठेवा, आपल्याच भागातलं: भाकरी, घट्ट वरण, मटकी, पालेभाजी, ताक. बाजूला एका माणसाचं दिवसाचं तेल मोजून वाटीत ठेवा, लोकांना डोळ्यांनी पाहू द्या. गोळ्या घेणाऱ्यांना डॉक्टरांना भेटल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका असं सुरुवातीलाच सांगा. आणि व्याख्यानाची वेळ दुपारी दोनची ठेवा, म्हणजे ज्यांच्या हातात सगळ्या घराची पळी आहे त्या बायकांना येता येईल.